नेटवर्कवाले राऊत

आमच्या ऑफिसच्या पँट्रीत शिरताना मी अजून चपला काढते. नव्या मुली हसतात. परवा एकीने विचारलंच, "मॅडम, आत देव आहे का?" मी म्हटलं, देव नाही, पण इथे राऊतांचा सर्व्हर असायचा. तिला त्यातलं काही कळलं नाही. तिच्या लेखी सर्व्हर ही कुठेतरी दूर असणारी, कोणी न पाहिलेली वस्तू. आमचा सर्व्हर ओट्यावर होता. आता जिथे चहाचं आधण ठेवतात तिथे, सिंकवर फळी टाकून त्या फळीवर. आणि चपला काढल्याशिवाय त्याच्यासमोर उभं राहायला राऊतांनी कधी कोणाला दिलं नाही. शेठनासुद्धा नाही. शेठ बाहेर बूट काढत आणि पायमोज्यांवर आत येत. एका मोज्याला भोक होतं, ते सगळ्या ऑफिसने पाहिलेलं होतं.

गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पहिल्या मजल्यावर दोन गाळे जोडून आमचं ऑफिस. धंदा ट्रान्सपोर्टचा. माल कामणच्या गोदामांत, गाड्याही तिकडेच, आणि कागद इकडे. इथून बिल आणि चलन निघाल्याशिवाय तिकडची गाडी जागची हलत नसे. त्यामुळे आमचे सगळ्यांचे कॉम्प्युटर त्या ओट्यावरच्या सर्व्हरला जोडलेले, आणि सर्व्हर राऊतांना.

"राऊत. नेटवर्क." अशी ते ओळख करून देत. एखाद्याने नाव आणि आडनाव सांगावं तसं. मी बिलिंगला लागले त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी अशीच ओळख करून दिली आणि विचारलं, "गाव?"

"कऱ्हाड."

"बरं. कऱ्हाडकर, एक लक्षात ठेवा. काही बंद पडलं तर स्वतः काही करू नका. मला हाक मारा. मी येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसा."

त्या दिवसापासून मी कऱ्हाडकर. माझं खरं आडनाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे. ते माणसांना गावावरूनच हाक मारत. ते स्वतः वसई पश्चिमेचे, वाडीतले. पिढ्यान्‌पिढ्यांची केळीची आणि फुलांची बागायत. भावाशी फोनवर बोलायला लागले की त्यांच्या घरची बोली सुरू व्हायची आणि आम्हाला चार शब्दांपलीकडे काही कळायचं नाही. फोन ठेवला की पुन्हा शुद्ध मराठी, तीही किंचित जास्तच शुद्ध. आपण कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेले घराण्यातले पहिले, हे ते दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगत. ऐकणारा कोणी नसला तर चहावाल्याला.

माणूस देखणा होता आणि त्याला ते ठाऊक होतं. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. केस काळेभोर, त्या काळेपणात निसर्गाचा वाटा थोडा आणि कलपाच्या पाकिटाचा जास्त. सकाळी येताना केळीच्या पानात गुंडाळून वाडीतली सोनचाफ्याची फुलं आणत. त्यातलं पहिलं सर्व्हरला. मग उरलेली आम्हा बायकांच्या टेबलांवर एकेक ठेवून पुढे जात. काही बोलत नसत, थांबत नसत. कोणी "थँक्यू" म्हटलं तर म्हणत, "मला कशाला, झाडाला म्हणा." त्या वासाने आमचं ते पत्र्याच्या कपाटांचं ऑफिस दुपारपर्यंत बरं वाटायचं.

त्यांची कामाची पद्धत वाडीतलीच होती. कोणाचा कॉम्प्युटर सर्व्हरला लागेनासा झाला की दुसरे लोक सर्व्हरपासून सुरुवात करतात. राऊत बंद पडलेल्या टेबलापासून सुरुवात करत. "शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं नाही तर विहिरीवर जाऊन ओरडायचं नसतं," ते म्हणत. "कोरड्या वाफ्यापासून उलटं विहिरीकडे चालायचं. पाट मध्येच कुठेतरी फुटलेला असतो." आणि ते खरोखर चालत. माझी मशीन एकदा अशीच रुसली, तेव्हा त्यांनी टेबलाखाली बसून माझी वायर दोन बोटांत धरली आणि तशीच धरून ते निघाले. कपाटामागून, भिंतीकडेने, दोन खुर्च्या सरकवून थेट डिस्पॅचच्या म्हात्र्यांपर्यंत. तिथे थांबले. हात झटकले.

"सकाळपासून काय काय केलंत? खरं सांगा. इथे कोणी रागावणार नाही."

म्हात्रे जरा घुटमळले. मग म्हणाले, "काय नाय हो. डोळ्यावर ऊन येत हुतं. टेबल जरा सरकवलं."

टेबलाचा पाय बरोबर माझ्या वायरीवर आला होता. राऊतांनी टेबल उचलायला लावलं, वायर बदलली, आणि शब्दाला जागून ते रागावले नाहीत. रागावायचं नाही हा त्यांचा नियमच होता. "रागावलं की लोक खोटं बोलतात, आणि खोट्यावर नेटवर्क चालत नाही," हे त्यांचं वाक्य आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे झालं असं की आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या बाबतीत सगळे खरं बोलत. उशिरा का आलात म्हटलं तर कोणीही काहीही सांगेल, पण राऊतांनी "सकाळपासून काय काय केलंत" म्हटलं की पेन ड्राइव्ह कुठून आणला, चहा कुठे सांडला, सगळं भडाभडा बाहेर.

या नियमाला अपवाद एकच, आणि तो म्हणजे राऊत. त्यांच्या हातून कधी काही होतच नसे. जे झालं ते खाऱ्या वाऱ्याने. वसईच्या हवेत मीठ आहे, त्याने तांबं गंजतं, पिना काळ्या पडतात, हे सगळं खरंच. पण एकदा अर्धी सकाळ पासवर्ड लागेना म्हणून ते कीबोर्डवर टकटक करत होते, आणि शेवटी मी मागून वाकून पाहिलं तर कॅप्स लॉक चालू. मी म्हटलं, "राऊत, हे..." ते म्हणाले, "खारा वारा, कऱ्हाडकर. बटणं अडकतात." आणि कंगवा काढून त्यांनी केस नीट केले. त्यांना खोटं पाडायची माझी हिंमत झाली नाही. खरं तर इच्छाच झाली नाही. काही माणसांचा गर्व इतका निरुपद्रवी असतो की तो जपावासा वाटतो.

त्यांच्या गर्वाची सगळ्यात मोठी गोष्ट एकच होती. "माझ्या हातून नेटवर्क कधी पडलं नाही." वीज गेली, उंदराने कुरतडलं, रस्ता खणणाऱ्यांनी बाहेरची केबल तोडली, हे सगळं झालं. पण राऊतांच्या हातून, कधीच नाही. हे फक्त तेच म्हणत नसत. शेठही म्हणत. आणि त्या वाक्यावर राऊतांची नोकरी उभी होती, हे पुढे आम्हाला कळलं.

शेठचा पुतण्या चेतन ऑफिसात यायला लागला तेव्हापासून त्याचं एकच टुमणं होतं. हा ओट्यावरचा डबा कशाला ठेवायचा? सगळं बाहेर भाड्याच्या सर्व्हरवर टाका, हल्ली सगळे तेच करतात. मुलगा वाईट नव्हता. घाईत असायचा इतकंच. "काका, हे किचनमध्ये सर्व्हर, चप्पल काढा, फूल ठेवा, ये सब क्या है यार?" असं तो शेठना माझ्यासमोर म्हणाला होता. शेठ धंद्यातला जुना माणूस. त्यांनी उत्तर दिलं, "राऊतांच्या हातून आजपर्यंत पडलं आहे का? पडेल त्या दिवशी बघू." मग दर महिन्या-दोन महिन्यांनी तो तेच विचारी आणि शेठ तेच उत्तर देत. राऊतांना हे सगळं माहीत होतं. पँट्रीची भिंत प्लायवूडची होती.

आता सुनंदाबद्दल सांगायला हवं. सुनंदा आमच्याकडे झाडलोट करायची, चहा करायची, तोही पँट्री सर्व्हरने बळकावल्यामुळे जिन्याच्या वळणावर स्टोव्ह ठेवून. कामणच्या पुढचं एक भातशेतीचं गाव तिचं. नवरा नव्हता, एक मुलगी शिकत होती. ती कॉन्ट्रॅक्टरची माणूस, म्हणजे एक फोन केला की उद्यापासून दुसरी बाई. राऊत तिला तेवढं नावाने हाक मारत. मी एकदा विचारलं की हिला का नाही गावावरून? ते म्हणाले, "तिचं गाव इथून दिसतं. आपण सगळे तिच्या दारात येऊन बसलोय. तिला कुठल्या तोंडाने विचारू, गाव कुठलं म्हणून?"

एकदा फरशी पुसताना सुनंदाचा पाय पँट्रीत लोंबणाऱ्या वायरीत अडकला आणि प्लग निघाला. पाच-दहा मिनिटांचा खोळंबा. पण चेतन त्या दिवशी ऑफिसात होता आणि कोणत्या तरी पार्टीसमोर त्याची शोभा झाली होती. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "ये लास्ट टाइम. परत हात लागला ना, कॉन्ट्रॅक्टरला सांगून बाई बदलणार." सुनंदा पोछा हातात धरून उभी होती. तिने मान हलवली.

चेतन गेल्यावर राऊतांनी तिला आत बोलावलं. चपला काढून. मी माझ्या टेबलावरून ऐकत होते, कारण न ऐकणं शक्यच नव्हतं.

"सुनंदा, चूक तुझी नाही. वायर लोंबत होती, ती माझी चूक."

आमचा आमच्या कानांवर विश्वास बसेना. राऊत आणि चूक? पण लगेच ते म्हणाले, "म्हणजे खाऱ्या वाऱ्याने क्लिप तुटली होती. असो. आता एक नियम लक्षात ठेव. या खोलीत एकही वायर लोंबती दिसता कामा नये. दिसली की उचलायची, जागेवर लावायची. कळलं?"

"व्हय साहेब. लोंबती ठेवनार नाय."

त्यानंतर राऊत तिच्या मागेच लागले. दिसली की, "काय सुनंदा, लोंबतंय का काही?" ती हसून म्हणायची, "काय नाय साहेब, समदं वर हाय." त्यांचा हा रोजचा संवाद झाला होता. नमस्कार-चमत्कारासारखा.

त्याच वर्षी पावसाळ्यात आमची सहल सुनंदाच्या गावाजवळच्या चिंचोटीच्या धबधब्यावर गेली. सगळे पाण्यात. राऊत एका खडकावर, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, मांडीवर सगळ्यांचे मोबाइल आणि घड्याळं. पाण्यात या म्हटलं तर म्हणाले, "कोणीतरी कोरडं पाहिजे." मागे सतरंजी अंथरून जेवणाचे डबे उघडले, तेव्हा सुनंदा बाजूला झाडाखाली उभी राहिली. वाढायला म्हणून. कोणाच्या ते ध्यानातच आलं नाही. राऊत खडकावरून उतरले, मोबाइलांची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या गावात आलोय आम्ही. घरच्या माणसाने असं उभं राहायचं असतं का? बस." ती बसली. कडेला, पाय दुमडून, पण सतरंजीवर. राऊत तिच्या पलीकडे बसले आणि आपल्या डब्यातली केळ्याची भाजी तिला वाढताना ती कोणत्या केळ्यांची, त्यांच्या वाडीतल्या कोणत्या कोपऱ्यातली, याचं व्याख्यान त्यांनी दिलं. भाजी तिखटजाळ होती. सुनंदाने डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा. कामणला गाड्यांची, इथे कॉम्प्युटरची. दुपारी काम थांबवायचं, सगळं बंद करायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. राऊतांचा हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. सोवळं नेसायचंच काय ते बाकी असे. सुनंदाने सकाळपासून ऑफिस घासून काढलं होतं. पँट्रीतली फळी, सर्व्हर, आणि सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती चपटी पेटी, म्हणजे स्विच, हे सगळं राऊतांच्या देखरेखीखाली पुसून झालं. मध्येच शेठचा फोन आला म्हणून राऊत बाहेर गेले. परत आले तेव्हा सगळं लखलखीत होतं. त्यांनी स्विचला माळ घातली, नारळ फोडला, खोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर सकाळी आम्ही मशीन चालू केल्या आणि एकालाही सर्व्हर सापडेना.

राऊत शांत होते. ते माझ्या टेबलापासून सुरू झाले, वायर धरून, उलटं विहिरीकडे. वायर ठीक. दुसऱ्या टेबलापासून चालले. तीही ठीक. मग आत गेले. सर्व्हर चालू होता, पंखा फिरत होता, त्याची तब्येत उत्तम. पण त्याच्याकडून कोणाकडे जाता येईना आणि कोणाकडून त्याच्याकडे येता येईना. त्यांनी सर्व्हरची वायर बदलली. सर्व्हर बंद करून चालू केला. स्विच बंद करून चालू केला, तेव्हा क्षणभर सगळ्यांच्या स्क्रीनवर सर्व्हर दिसला. म्हात्रे "आला, आला" म्हणेपर्यंत पुन्हा गेला. राऊतांनी सर्व्हरचं नेटवर्क कार्ड गेलं असं जाहीर केलं, कपाटातून दुसरं काढून बसवलं. तेही तसंच. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. कंगवा बराच वेळ बाहेर आला नव्हता.

कामणहून फोन सुरू झाले होते. भरलेल्या गाड्या गेटच्या आत अडकल्या होत्या, ड्रायव्हर वैतागले होते, आणि म्हात्रे प्रत्येकाला "होतंय, होतंय" सांगत होते. चेतन आला. त्याच्या मागोमाग शेठ आले. दोघेही चपला-बूट काढून पँट्रीच्या दारात उभे. आम्ही त्यांच्या मागे. सुनंदा सगळ्यात मागे.

राऊतांनी एव्हाना हात थांबवले होते. स्टुलावर बसून ते नुसते स्विचकडे बघत होते. झेंडूच्या माळेतून त्याचे हिरवे दिवे दिसत होते. "माळ काढा," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी माळ काढली. एरवी त्या पेटीचे दिवे एकेक, आपापल्या सोयीने मिचकायचे. आज सगळे एकदम, एका ठेक्यात, थांबायचं नाव न घेता लुकलुकत होते. राऊत पुढे झाले आणि एकेक वायर उपटायला लागले. एक, काही फरक नाही. दुसरी, नाही. अशी एक वायर निघाली आणि सगळे दिवे एकदम शांत झाले. मग नेहमीसारखे एकेक मिचकू लागले. बाहेरून म्हात्रे ओरडले, "आला. ह्या वेळी राहिला."

राऊतांनी ती वायर दोन बोटांत धरली आणि तिचं दुसरं टोक शोधत गेले. फार लांब जावं लागलं नाही. दुसरं टोकही त्याच पेटीत होतं.

"पाटाचं तोंड पाटातच सोडलंय," ते हळूच म्हणाले. "पाणी आपलं गोल गोल फिरतंय. वाफ्यापर्यंत जाणार कुठून?"

ती त्यांचीच वायर होती. लॅपटॉप जोडून बघायला म्हणून त्यांनी तिचं एक टोक स्विचमध्ये कायम ठेवलेलं असे आणि दुसरं बाजूला मोकळं. खंडेनवमीला ते मोकळं टोक कोणीतरी उचलून शेजारच्या रिकाम्या खोबणीत नीट बसवलं होतं. मी मागे वळून पाहिलं. सुनंदाचा चेहरा पाहिल्यावर मला काही विचारायची गरज उरली नाही. बहुधा राऊतांनाही नाही. तेही तिच्याकडे पाहत होते.

चेतनने विचारलं, "कोणी लावली ही?"

तो आमच्याकडे वळून एकेकाकडे पाहू लागला.

"कोणी लावली? सुट्टीच्या आधी इथे हात कोणाचा लागला?"

राऊत वायरीकडे बघत राहिले. मला अजून आठवतं, त्या वेळी मला वाटलं, आता येणार खारा वारा. मी मनातल्या मनात त्याची वाटच पाहत होते. या एका दिवशी तरी यावा असं मला वाटत होतं. पण खारा वारा वायर उचलून खोबणीत बसवत नाही, हे चेतनलाही कळत होतं, आणि राऊतांना तर कळतच होतं.

"मी लावली," राऊत म्हणाले.

"तुम्ही?" शेठनी विचारलं.

"हो साहेब. पूजेच्या वेळी. लोंबत होती, बरी दिसेना. लावली आणि विसरलो." मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "माझ्या हातून पडलं नेटवर्क."

शेठना वाईट वाटलं होतं हे दिसत होतं, पण ते काय बोलणार? त्यांचंच वाक्य होतं. चेतनसुद्धा तिथे काही बोलला नाही, तेवढं त्याचं चांगलं. बाहेर जाऊन बूट घालताना मात्र म्हणाला, "काका, आता तरी बघू या ना." शेठ म्हणाले, "बघ."

दुपारी चहा घेऊन सुनंदा पँट्रीत गेली. प्लायवूडच्या भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, ती वायर मी खोचली."

"माहीत आहे."

"मंग तुमी खोटं कशाला बोल्ले? तुमीच सांगता, खरं बोलायचं, कोन रागावनार नाय."

"मी रागावणार नाही असं सांगतो. ते रागावणार नाहीत असं मी कधी म्हटलं?"

मग राऊत म्हणाले, "आणि खोटं कुठे बोललो? लोंबती वायर जागेवर लाव हे तुला कोणी सांगितलं? कुठली जागा, हे सांगितलं का? मोकळी ठेवायची वायर कोणती, हे सांगितलं का? रोज विचारत होतो, लोंबतंय का, लोंबतंय का. तू मला दिलेला शब्द पाळलास. नियम अर्धा होता, आणि तो माझा होता."

"पन तुमचं नाव गेलं ना."

"चहा गार होतोय," राऊत म्हणाले. "ठेव तिथे. फळीवर नको."

पुढचं सगळं रीतसर झालं. नव्या आर्थिक वर्षाला आमचं काम बाहेरच्या सर्व्हरवर गेलं. राऊतांना कोणी काढलं नाही, पण करायला काही उरलं नाही आणि नुसतं बसून पगार घेणं त्यांच्या इस्त्रीला शोभणारं नव्हतं. त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. निरोपाच्या समारंभात शेठनी त्यांना शाल घातली. राऊत उत्तराला उभे राहिले आणि डिप्लोम्याबद्दल बोलले, वाडीबद्दल बोलले, सगळ्यांच्या गावांची नावं एकेक करून घेतली. नेटवर्क हा शब्द त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फूल नव्हतं, आणि मला ते दिवसभर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. पँट्रीची पुन्हा पँट्री झाली. फळी काढली, सिंक उघडं झालं, जिन्यातला सुनंदाचा स्टोव्ह आत आला. चहा पहिल्यापेक्षा गरम मिळायला लागला, हेही खरं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सुनंदाच्या मुलीच्या लग्नात. कामणच्या पुढे, शेताच्या कडेला मांडव होता. सगळं ऑफिस गेलं होतं, शेठसुद्धा. राऊत वसईहून रिक्षा करून आले होते. जरा वाळले होते आणि केस पांढरे झाले होते. काळे करणं त्यांनी सोडलं होतं. ते पांढरे केस त्यांना चांगले दिसत होते, पण मला ते बघवेनात.

पंगतीत शेठच्या शेजारी राऊत, पलीकडे म्हात्रे, आणि मी समोर. शेठ खुशीत होते. जुन्या गोष्टी निघाल्या. सुनंदा जिलबीचं ताट घेऊन स्वतः आग्रहाला आली, ती नेमकी आमच्यापाशी पोचली तेव्हा शेठ राऊतांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इतकी वर्षं राऊत, एक दिवस पडू दिलं नाहीत. आणि शेवटी ती एक वायर. तुम्हीच लावलीत. मला अजून पटत नाही."

ते प्रेमाने म्हणाले होते. त्यात टोचणी नव्हती. पण सुनंदा ताट घेऊन तिथेच थांबली. आता तिची नोकरी जायची भीती नव्हती. चेतन केव्हाच ठाण्याच्या ऑफिसात गेला होता, आणि ती स्वतःही मुलीच्या लग्नानंतर काम सोडणार होती. तिने तोंड उघडलं.

"शेठ, ती वायर..."

"सुनंदा," राऊत म्हणाले, "मला वाढतेस की नाही? केव्हाचा बसलोय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. राऊतांनी पान पुढे सरकवलं आणि शेठकडे वळून, म्हात्र्यांना आणि पलीकडच्या चार अनोळखी पाहुण्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "झाली साहेब चूक. माणूस आहे. झाली."

सुनंदाने जिलब्या वाढल्या. दोन, तीन, पानावर जागा होती तितक्या. राऊतांच्या रक्तात साखर निघालेली होती, हे त्यांनीच मला आल्या आल्या सांगितलं होतं. त्यांनी नको म्हटलं नाही. एकेक करून सगळ्या खाल्ल्या.

जेवण झाल्यावर मी मांडवाच्या मागे हात धुवायला गेले तर ते दोघं तिथे होते. मुलीची पाठवणी जवळ आलेली, आतून सुनंदाला हाका मारत होते, आणि वधूची आई राऊतांच्या हातांवर तांब्याने पाणी घालत होती. जिलबीचा पाक केव्हाच निघाला होता. पण सुनंदा बादलीतून पुन्हा पुन्हा तांब्या भरत होती, आणि राऊत हात पुढे धरून उभे होते.